आर्किटेक्टला फी दिली, मग नक्शा आपला झाला का?

ताई, तुमचं सगळं वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी तुमचा मामला थोडक्यात सांगतो. इंदूरच्या सुदामा नगरला ३० बाय ५० चा प्लॉट, आर्किटेक्टकडून नक्शे काढून घेतले, नगर निगममधून पास झाले, तिथपर्यंतची फी तुम्ही देऊन टाकली, प्लिंथ (जोतं) झाली आणि मग एलिव्हेशनवरून (घराच्या दर्शनी रूपावरून) आणि साइटवर न येण्यावरून तुमचं वाजलं. आता तुम्हाला दुसरा आर्किटेक्ट घ्यायचाय आणि पहिले म्हणतात नक्शा माझा आहे, कॅड फाइल (कॉम्प्युटरवर बदल करता येणारी नक्श्याची फाइल) देणार नाही, दुसऱ्याने हात लावला तर कोर्टातून काम थांबवीन. त्यात तुमच्या ठेकेदाराने हेच नक्शे इंदूरजवळच्या राऊ गावात त्याच्या मेव्हण्याच्या प्लॉटवर लावायला काढलेत. आणि तुमचा प्रश्न असा की पैसे आम्ही मोजले तर नक्शा आमचा का नाही.

मी इंदूरलाच बरीच वर्षं हे काम करतोय, मला सोडून गेलेले क्लायंट पण बघितलेत आणि दुसऱ्यांना सोडून माझ्याकडे आलेले पण, त्यामुळे कोणाची बाजू न घेता सांगतो. नक्श्याची मालकी तुमची नाही. पण त्या नक्श्यावरून त्या प्लॉटवर तुमचं घर पूर्ण करायचा हक्क तुमचा आहे, आणि तो तुमच्या आर्किटेक्टला वाटतोय त्यापेक्षा बराच पक्का आहे. तुम्ही दोघंही या दोन गोष्टी एकच धरून भांडताय म्हणून गाडी पुढे सरकत नाहीये.

आता मालकीचं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात चित्र, शिल्प यांच्या रांगेतच नकाशा, तक्ता, प्लॅन हे सगळं कलाकृती म्हणून धरलंय, आणि बांधलेली इमारत पण वेगळी धरलीय, तिला कलात्मक रूप किंवा डिझाइन असेल तर. म्हणजे कागदाला एक संरक्षण आणि उभ्या घराला दुसरं. कागदावरून घर बांधणं म्हणजे सुद्धा त्या कागदाची कॉपीच, कारण कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सपाट कृतीला त्रिमितीत आणणं आणि त्रिमितीतल्या कृतीला सपाट करणं हे दोन्ही मालकाचेच हक्क. आणि मालक कोण, तर कलम १७ म्हणतं की ज्याने निर्माण केलं तो पहिला मालक. इथे सगळे लोक म्हणतात की पण मी तर ऑर्डर देऊन करवून घेतलं. हो, ऑर्डर देऊन करवून घेतल्याचा अपवाद त्याच कलमात आहे, पण तो कशाकशाला आहे ते नीट वाचा: फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग आणि सिनेमा. लग्नात पैसे देऊन फोटोग्राफर लावला तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला मालक तुम्ही. घराचा नक्शा त्या यादीत नाहीच. म्हणून पूर्ण फी दिली, जास्त दिली, बक्षीस दिलं तरी नुसत्या पैशाने कॉपीराइट तुमच्याकडे सरकत नाही. तो सरकतो लेखी असाइनमेंटने, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावावर लिहून देण्याने, कलम १९ प्रमाणे, सही हवी, कुठलं काम, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या भागात हे सगळं हवं, आणि काळ लिहिला नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. तुमच्याकडे असा कागद नाहीये हे तुम्हीच लिहिलंय. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे आर्किटेक्टांची नोंदणी करणारी संस्था, तिच्या नेमणुकीच्या नमुना अटी पण हेच सांगतात, काम झालं किंवा न झालं तरी ड्रॉइंग आर्किटेक्टची, क्लायंटने प्रती ठेवाव्यात आणि त्या प्रोजेक्टसाठी वापराव्यात, दुसऱ्या प्रोजेक्टला नाही. आणि कॉपीराइट टिकतो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं, रजिस्ट्रेशन केलेलं असो नसो. रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, पुराव्याला बरं पडतं एवढंच, फी एका कामाला ५०० रुपये आहे.

एक उपप्रश्न कोणीतरी काढणारच म्हणून इथेच सांगतो, तुमचे आर्किटेक्ट खरंच रजिस्टर्ड आर्किटेक्ट आहेत का सिव्हिल इंजिनियर आहेत, याने कॉपीराइटला फरक पडत नाही. ज्याने काढलं त्याचं, डिग्री कायदा विचारत नाही. फरक दुसरीकडे पडतो. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ मुळे 'आर्किटेक्ट' ही पदवी लावायला काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं (२०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बंधन पदवी लावण्यावर आहे, ते काम करण्यावर नाही), आणि रजिस्टर्ड असेल तर काउन्सिलचे वर्तणुकीचे नियम लागू होतात, ज्यांचा तुम्हाला पुढे उपयोग आहे. नक्श्याच्या शिक्क्यात सीए, मग साल, मग नंबर असं लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

आता तुमचा हक्क, जो तुमच्यासाठी खरा महत्त्वाचा आहे. तुम्ही फी देऊन तुमच्या प्लॉटसाठी नक्शा काढून घेतला, पास करून घेतला, आर्किटेक्टने पूर्ण माहिती असताना तो दिला, म्हणजे बांधायला परवानगी दिली हे न बोलता गृहीत आहे, नाहीतर नक्शा घेऊन माणूस करणार काय, भिंतीवर टांगणार? याला न लिहिलेलं लायसन्स म्हणतात. यावर इंग्लंडच्या अपील कोर्टाचे १९७१ चे दोन निकाल आहेत, आपल्या कोर्टांना ते बंधनकारक नाहीत पण असल्या वादात वकील तेच काढतात, आणि दोन्ही एकत्र वाचले की चित्र साफ होतं. पहिल्यात, ब्लेअर म्हणून केस आहे, आर्किटेक्टने परवानगी मिळेपर्यंतचं काम केलं, त्याची रीतसर फी घेतली, मग मालकाने प्लॉटच विकला आणि नवीन मालकाने तेच नक्शे वापरून बांधलं. कोर्ट म्हणालं चालेल, त्या जागेवर बांधायची परवानगी फीमध्ये आलीच आणि ती जागेबरोबर पुढे जाते. दुसऱ्यात, स्टोव्हिन-ब्रॅडफर्डच्या केसमध्ये, आर्किटेक्टने फक्त परवानगीपुरती नाममात्र फी घेतली होती, नेहमीच्या दरापेक्षा कितीतरी कमी, आणि मग मालकाने त्याला बाजूला करून त्याच्याच डिझाइनवर बांधून टाकलं. तिथे कोर्ट म्हणालं नाही चालणार, इतक्या फीमध्ये बांधायचा हक्क येत नाही, भरपाई द्या.

म्हणजे कोर्ट काय बघतं, तर तुम्ही कुठल्या टप्प्यापर्यंत आलात आणि त्या टप्प्याची योग्य फी दिलीत का. तुम्ही लिहिलंय की नक्शा पास होईपर्यंतचे ठरलेले सगळे पैसे दिले, कामाचा दर रीतसर ठरलेला होता आणि त्यांच्याच देखरेखीत प्लिंथ झाली. तुमची केस पहिल्या बाजूची आहे. पास झालेला सेट, फाउंडेशन आणि प्लिंथची जी ड्रॉइंग साइटवर आली, ती वापरून घर पुरं करायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. पण पुढची वर्किंग ड्रॉइंग, जिन्याची डिटेल, स्लॅबचं स्टील, दारं-खिडक्यांचं शेड्यूल, टॉयलेटच्या टाइल्सचं लेआउट, जे अजून काढलेलं नाही किंवा काढलंय पण तुम्ही पैसे दिलेले नाहीत आणि त्यांनी हातात दिलेलं नाही, ते मागायचा हक्क तुम्हाला नाही. ते नवीन माणसाकडून नव्याने करून घ्यावं लागेल.

इथे जरा थांबून आपल्या शहरातल्या एका सवयीबद्दल बोलायचंय, कारण याच्यामुळे चांगली पोरं हा धंदा सोडतायत. लोक तीन आर्किटेक्टकडे जातात, म्हणतात आधी दोन-दोन ऑप्शन दाखवा, आवडलं तर काम तुमचं. पोरगं रात्र रात्र जागून प्लॅन बनवतं, थ्रीडी व्ह्यू बनवतं, व्हॉट्सॲपवर पाठवतं, आणि आठ दिवसांनी तोच प्लॅन निम्म्या दरात नक्शे काढणाऱ्या दुसऱ्याच्या टेबलावर असतो. हा सरळसरळ दुसऱ्या निकालातला प्रकार आहे, फी नाही म्हणजे लायसन्स पण नाही, आणि जो दुसरा तो नक्शा गिरवतो तो पण जबाबदार. माझ्याकडे असं कोणी दुसऱ्याचा फुकट काढून घेतलेला प्लॅन घेऊन आलं तर मी तो उघडत पण नाही, म्हणतो तुमची गरज तोंडी सांगा, मी माझं काढतो. तुम्ही ताई तसं काही केलेलं नाही, उलट पैसे वेळेवर दिलेत, म्हणून तर तुमची बाजू मजबूत आहे.

मग काम थांबवण्याची धमकी. ही पोकळ आहे आणि तुमच्या आर्किटेक्टच्या वकिलाला पण ते माहीत असेल. कॉपीराइट कायद्यात कलम ५९ खास इमारतींसाठी आहे: एकदा बांधकाम सुरू झालं की ते कॉपीराइटचं उल्लंघन करणारं असलं तरी कोर्टाकडून काम थांबवायचा हुकूम किंवा पाडायचा हुकूम मिळत नाही. पैशाची भरपाई मागता येते, बस. कारण समजण्यासारखं आहे, अर्धवट उभं घर कॉपीराइटसाठी पाडणं कोणाच्याच हिताचं नाही. भरपाईचा दावा उल्लंघनापासून ३ वर्षांत करावा लागतो, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये, जिथे लायसन्स आहे, तिथे भरपाई निघायची तरी कशाची.

काम दुसऱ्याच कारणाने अडकू शकतं आणि त्याकडे मात्र लक्ष द्या. निगमच्या रेकॉर्डवर तुमच्या परवानगीत आर्किटेक्ट किंवा इंजिनियर म्हणून त्यांचं नाव आहे. त्यांनी निगमला कळवलं की मी आता देखरेख करत नाही, तर तुमच्या बांधकामाला तांत्रिक जबाबदार माणूसच उरत नाही. हा कॉपीराइटचा विषयच नाही, पण तुम्हाला तो तसाच वाटेल कारण काम तर थांबलंच. म्हणून नवीन माणूस ठरला की पहिल्या आठवड्यात ही नाव बदलायची नोंद निगममध्ये करून घ्या, कॉलम वर चढायच्या आधी. आणि पास नक्श्यात बदल होणार असेल, तुम्ही म्हणताय की मागची बाल्कनी काढून खोली मोठी करायचीय, तर एमओएस (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडावी लागणारी जागा) सुटतोय का ते बघून सुधारित नक्शा टाकावाच लागेल, तो जुन्या आर्किटेक्टच्या शिक्क्याखाली बदलून चालणार नाही.

कॅड फाइल. कुठलाही कायदा म्हणत नाही की क्लायंटला ऑटोकॅडची एडिट होणारी फाइल मिळालीच पाहिजे. करारात लिहिलं असेल तर मिळते, नसेल तर प्रिंट आणि पीडीएफवर समाधान. मला माहितीय की यावर लोक खूप चिडतात, की त्याच्याकडे पडलीच आहे ना, एक मेल करायला काय जातं. पण दुसऱ्या बाजूने बघा. शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जो चौकोन असतो, त्यात ऑफिसचं नाव, शीट नंबर, आर-१ आर-२ असे रिव्हिजन, तारीख, कोणी काढलं कोणी तपासलं हे सगळं असतं. एडिट होणारी फाइल बाहेर गेली की कोणीतरी कॉलम ९ इंच सरकवतो, बीम काढून टाकतो आणि तो कोपरा तसाच राहतो. उद्या स्लॅबला तडा गेला तर पोलीस त्या कोपऱ्यातलं नाव वाचतात. म्हणून फाइल न देण्यामागे दर वेळी खोडसाळपणाच असतो असं नाही. तुमच्या नवीन आर्किटेक्टला ३० बाय ५० चं घर पीडीएफवरून परत काढायला एक माणूस दोन दिवस लागेल, त्यासाठी सहा महिने भांडू नका.

मात्र एक गोष्ट ते अडवू शकत नाहीत, ती म्हणजे तुमचे स्वतःचे कागद. तुमची मूळ रजिस्ट्री, टॅक्सच्या पावत्या, नामांतरणाचे कागद, पास नक्श्याचा निगमचा मूळ सेट जर त्यांच्याकडे असेल तर फी बाकी आहे म्हणून ते ठेवून घेणं चुकीचंच. वकिलांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना केसमध्ये, आणि ती केस आपल्या मध्य प्रदेशचीच होती, सांगितलंय की फी साठी क्लायंटच्या फाइली अडवता येणार नाहीत, फी हवी असेल तर वसुलीचा दावा करा. निकाल वकिलांपुरता आहे, पण तुमची मूळ रजिस्ट्री अडवून बसलेल्या कोणाही माणसाला तो दाखवायला हरकत नाही. आणि पास नक्श्याची प्रमाणित प्रत तुम्ही स्वतः मालक म्हणून निगममधून काढू शकता, आर्किटेक्टच्या मर्जीवर ते नाही. (शेजाऱ्याच्या घराचा नक्शा आरटीआयमध्ये काढून तसंच घर बांधू, असं एकाने मला विचारलं होतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ९ बघा, सरकार सोडून दुसऱ्या कोणाचा कॉपीराइट मोडत असेल तर अधिकारी अर्ज नाकारू शकतो. आणि समजा प्रत मिळाली तरी ती बघायला मिळाली, बांधायला नाही.)

आर्किटेक्टच्या नावाचं आणि डिझाइन बिघडवण्याचं. कलम ५७ मध्ये लेखकाला म्हणजे इथे आर्किटेक्टला दोन हक्क आहेत जे कॉपीराइट विकला तरी जात नाहीत: काम माझं आहे म्हणायचा, आणि इज्जतीला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा. तुमचे आर्किटेक्ट एलिव्हेशन बदलण्यावरून हेच म्हणत असणार. पण घराच्या मालकापुढे हा हक्क फार लांब जात नाही, याचं सगळ्यात मोठं आणि मला व्यक्तिशः दुःख देणारं उदाहरण दिल्लीचं आहे. प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स, राज रेवल यांचं डिझाइन, महेंद्र राज यांचं स्ट्रक्चर, १९७२ ची इमारत, जगभरातल्या कॉलेजांत शिकवली जाते, ती एप्रिल २०१७ मध्ये पाडली. रेवल कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की आर्किटेक्टचा हा हक्क जमिनीच्या मालकाला स्वतःची इमारत पाडण्यापासून रोखू शकत नाही. इतक्या मोठ्या वास्तूचं असं झालं तर तुमच्या बाल्कनीसाठी कोर्ट काय म्हणेल ते समजून घ्या. तरीपण मी म्हणीन की बदल कराल तर त्यांचं नाव त्या बदललेल्या एलिव्हेशनला चिकटवू नका, आणि मूळ प्लॅन त्यांचा आहे हे लपवू पण नका. नवीन शीटवर सरळ लिहावं, मूळ आराखडा अमुक यांचा, अमुक तारखेनंतरचे बदल तमुक यांचे. याने तिघांचं भलं होतं, कोण कशाला जबाबदार ते कागदावर राहतं.

आणि सगळे आर्किटेक्ट बदलाला दुखावतात असंही नाही हो. आपल्या इंदूरचंच अरण्य बघा, बाळकृष्ण दोशींचं, ज्याला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. तिथे बऱ्याच जणांना प्लॉट, नळ-संडासची सोय आणि सुरुवातीचा थोडा भाग देऊन बाकी घर लोकांनी आपापल्या ऐपतीने वाढवायचं हेच डिझाइन होतं. आज तिथे फिरलं तर कोणाचा जिना बाहेरून, कोणाचं दुकान खाली, कोणी वर दोन मजले चढवलेत, आणि ते सगळं मूळ कल्पनेत बसतं.

आता तुम्ही मधेच विचारलंय की 'पण आमच्या प्लॅनमध्ये असं खास आहेच काय, पलीकडच्या गल्लीत पण असाच आहे'. बरोबर निरीक्षण आहे. ३० बाय ५० चा पूर्वमुखी प्लॉट घ्या, समोरचा आणि मागचा एमओएस सोडा, वास्तूप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, मास्टर बेडरूम नैऋत्येला ठेवा, गाडी पुढे उभी करा, उरतं काय? दहा आर्किटेक्ट बसवले तर आठ जणांचे प्लॅन भावा-भावासारखे निघतील. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडायच्या पद्धतीवर असतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद केसमध्ये सांगितलंय, आणि २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या केसमध्ये म्हटलं की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी लागलेली दिसली पाहिजे. बांधायची पद्धत, म्हणजे कुठला स्लॅब, कुठलं शटरिंग, याला तर कायदाच संरक्षण देत नाही, कलम १३ मध्ये तसं लिहिलंय. म्हणून नवीन आर्किटेक्टने तुमच्या गरजांवरून स्वतःच्या डोक्याने काढलं आणि ते थोडंफार सारखं दिसलं तर ती चोरी नाही. शीट खाली ठेवून वर ट्रेस केलं, मापं इंचासहित तीच, चुका पण त्याच, तर मात्र पकडलं जातं.

ठेकेदाराच्या मेव्हण्याचं प्रकरण मला तुमच्या आर्किटेक्टच्या धमकीपेक्षा जास्त गंभीर वाटतं. तुमचं लायसन्स तुमच्या प्लॉटपुरतं आहे, ते ठेकेदाराला नाही आणि राऊच्या प्लॉटला तर नाहीच. इथे तुमच्या आर्किटेक्टची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तुम्ही गप्प बसलात तर उद्या ते म्हणतील की क्लायंटनेच दिले. पण कायदा सोडा, मला धास्ती वाटते ती फाउंडेशनची. आपल्या माळव्यात एका भागात दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्या भागात खोलवर काळी माती. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, तिच्यावर उथळ फुटिंग (पायाचा तळ) ठेवलं की भिंती चार कोपऱ्यांत तिरप्या फाटतात. तुमच्या साइटची माती बघून काढलेलं फुटिंग राऊच्या प्लॉटला लागू पडेलच असं कोण सांगणार? स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर इंजिनियरची सही त्या एका जागेसाठी असते. माझ्याकडे असाच एक उचललेला नक्शा दुरुस्तीला आला होता, कोपऱ्यावर कोरा कागद ठेवून झेरॉक्स मारलेली, म्हणजे नाव गेलं, आणि प्लॉट समोरच्या बाजूचा असल्यामुळे पूर्ण प्लॅन आरशात उलटवलेला. उलटवताना टॉयलेटचा डक्ट जो मूळ घरात मोकळ्या बाजूला होता तो इथे शेजाऱ्याच्या भिंतीला जाऊन चिकटला, तीन मजल्यांच्या संडासांना एक पण खिडकी नाही, आणि ते घर बांधून झाल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं. नक्शा फुकट मिळाला, पुढे तोडफोडीत त्याच्या कितीतरी पट गेले.

म्हणून ठेकेदाराला आजच लेखी द्या, व्हॉट्सॲप पण चालेल, की हे नक्शे फक्त माझ्या प्लॉटसाठी दिले होते, दुसरीकडे वापरायला माझी किंवा आर्किटेक्टची परवानगी नाही, साइटवरचा सेट परत करा. आणि त्याची प्रत आर्किटेक्टला पाठवा. हे केल्याने त्यांचा राग अर्धा तिथेच उतरेल, मी असं होताना बघितलंय, कारण त्यांना पण कुठेतरी हेच वाटत असतं की माझं काम उकिरड्यावर चाललंय आणि क्लायंटला काही पडलेलीच नाही.

मग तडजोडीचं बोला. पैशाचा हिशेब टप्प्यांवर मांडा: आराखडा, परवानगी, फाउंडेशनची ड्रॉइंग, इतक्या साइट व्हिजिट, एवढं झालं, एवढं दिलं, एवढं बाकी. बाकी निघत असेल तर देऊन टाका, वकिलाच्या पहिल्या दोन नोटिसांपेक्षा ते स्वस्त पडतं. आणि देताना एका पानावर सही घ्या. त्यात या चार गोष्टी आल्या पाहिजेत, माझ्या शब्दांत लिहितो, तुम्ही वकिलाला दाखवून घ्या: "सोबतच्या यादीतली ड्रॉइंग, नंबर आणि रिव्हिजनसह, या प्लॉटवर बांधकाम पूर्ण करण्यासाठी, पुढे दुरुस्ती आणि वाढीसाठी, मालक आणि त्यांच्यानंतर जो मालक होईल तो, कोणत्याही आर्किटेक्टकडून वापरून घेऊ शकतात. याची पूर्ण फी मिळाली. अमुक तारखेनंतरच्या कामाची आणि बदलांची जबाबदारी माझी राहणार नाही. मालकाचे सर्व मूळ कागद परत केले." कॉपीराइट लिहून मागू नका, त्याची तुम्हाला गरजच नाही आणि तो मागितला की माणूस परत आडमुठा होतो. हे लायसन्स लेखी असलं की पुढे घर विकताना, बँकेत, वारसांमध्ये कुठेच अडत नाही. देव न करो, उद्या आगीने किंवा भूकंपाने नुकसान झालं तर त्याच नक्श्यांवरून परत बांधायला कलम ५२ प्रमाणे कोणाला विचारावं लागत नाही, अट एकच, पहिलं बांधकाम परवानगीने झालेलं हवं. या कागदाने ती अट पण सिद्ध होते.

नवीन आर्किटेक्टला हा कागद पहिल्याच भेटीत दाखवा. रजिस्टर्ड माणूस असेल तर काउन्सिलच्या १९८९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे त्याला आधीच्याची नेमणूक संपल्याचा पुरावा बघावाच लागतो आणि आधीच्याला लेखी कळवावं लागतं. जो म्हणेल की सोडा हो ते, मी बघतो, त्याच्यापासून जरा जपून, तो उद्या तुमचा नक्शा पण तिसऱ्याला असाच देईल. आणि त्याच्याशी करार करताना आत्ताच ठरवून घ्या की कुठल्या टप्प्यावर किती फी, पीडीएफ का एडिट होणारी फाइल, आणि मधेच वेगळं झालो तर काय. हेही विचारा की ऑफिसातलं काम पगारी ड्राफ्ट्समन करतो की बाहेरून शीटच्या हिशेबाने करवून घेतात. पगारी माणसाचं काम कायद्याने पगार देणाऱ्या ऑफिसचं होतं, पण बाहेरच्या फ्रीलान्सरचं तसं आपोआप होत नाही, आणि थ्रीडी व्ह्यू तर हल्ली सगळेच बाहेरून करवतात. मग ज्या व्ह्यूवर तुम्ही भाळलात त्याचा मालक तिसराच कोणी निघतो.

ज्यांचा फ्लॅट आहे त्यांना एवढंच, तुमचा मामला वेगळा आहे. तिथे नक्शा कोणाचा यापेक्षा रेराचं (बिल्डर आणि ग्राहकांसाठीच्या रिअल इस्टेट कायद्याचं) कलम १४ बघा, तुमच्या फ्लॅटमध्ये बदल करायला तुमची संमती आणि बिल्डिंगच्या मंजूर नक्श्यात किंवा सामाईक जागेत बदल करायला बिल्डर सोडून दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, आणि मंजूर नक्शे बघायचा हक्क तुम्हाला कलम १९ ने आहे. सोसायटीने ताबा घेताना बिल्डरकडून नक्श्यांचा पूर्ण सेट, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकसकट, मागून घ्यावा, कलम १७ मध्ये तो द्यायची जबाबदारी त्याच्यावर आहे. दहा वर्षांनी ड्रेनेज तुंबल्यावर पाइप कुठून गेलाय हे कोणालाच माहीत नसतं.

ताई, तुमच्या जुन्या आर्किटेक्टना तो कागद पाठवण्याआधी एकदा फोन करा, शक्य असेल तर घरातलं मोठं कोणीतरी बरोबर घेऊन ऑफिसात जा. पास सेट आणि फाउंडेशनच्या शीट्सची यादी नंबरासकट आधीच टाइप करून न्या, ती तिथे बसून बनवायला गेलात तर परत जुनं उकरलं जाईल. सही झाली की त्याच दिवशी दोन स्कॅन काढा, एक नवीन आर्किटेक्टला आणि एक स्वतःच्या मेलला. आणि पुढचं कास्टिंग (काँक्रीट ओतायचं काम) निगममध्ये नवीन नावाची नोंद होईपर्यंत धरू नका, ठेकेदार कितीही म्हणाला की मजूर बसून आहेत तरी.